सूचना क्रमांक ३१७

घरात तिला टाचणी म्हणत. लहानपणी अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून थोरल्या भावानेच हे नाव ठेवलं होतं. आता चाळिशीला टेकली, अंगाने चांगली भरली, तरी नाव काही सुटलं नाही. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. आपण टाचणीच म्हणू, कारण गोष्ट ऑफिसातून सुरू होत असली तरी आहे घरातली.

ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, चार माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा. चौघांचं मिळून एकच काम, ते म्हणजे ‘गाठोडं’. गाठोडं हा पॅकेज मॅनेजर. म्हणजे कॉम्प्युटरवरचा असा प्रोग्राम, की जो बाकीचे प्रोग्राम आणतो, बसवतो, जुने झाले की बदलतो आणि नको झाले की काढून टाकतो. शाळा, दवाखाने, छापखाने असल्या ठिकाणी हजारो मशीनवर तो चालायचा आणि वापरणाऱ्यांना त्याचं नावही धड माहीत नसायचं. त्यात कोणाला वाईट वाटायचं नाही. नळाला पाणी आलं की पंप कुठल्या कंपनीचा हे कोण विचारतं?

मंगळवारी अकराच्या सुमाराला दादाचा फोन आला. दादा एरवी दिवसा फोन करत नसे.

“टाचणे, माझा चिन्हकोश गेला,” तो म्हणाला. इतकं सरळ म्हणाला, की तिला आधी वाटलं कुठलं पुस्तक हरवलं.

दादाला जन्मापासून दिसत नाही. तो ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात होता आणि साधा मजकूर ठिपक्यांत बदलणारं मशीन सांभाळायचा. ते बदलायचं कसं, कुठल्या खुणेला कुठले ठिपके, याची एक फाइल, म्हणजे चिन्हकोश, प्रोग्रामबरोबरच येते. पण ती जेमतेम. गणितातली वर्गमुळं, रसायनशास्त्रातले बाण, संगीतातली सुरांची चिन्हं त्यात नव्हतीच. दादाने सहा वर्षं एकेक करून ती घातली होती. चारशे बारा चिन्हं. प्रत्येकासाठी शिक्षकांना फोन, जुनी पुस्तकं चाचपणं, मुलांकडून वाचून घेणं. आता नववीच्या बीजगणिताचा नमुना छापून आला, तर वर्गमुळाच्या जागी बोटाला नुसता सपाट कागद लागला.

“गेल्या आठवड्यात अपडेट केलास का?” टाचणीने विचारलं.

“केला. शुक्रवारी. नेहमीसारखा.”

“काही विचारलं का त्याने?”

“नेहमीसारखंच काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखं हो म्हटलं.”

सहा वर्षांत त्या फाइलची नवी आवृत्ती आलीच नव्हती, ती या वेळी आली असणार. त्याने काय विचारलं असेल हे तिला पाठ होतं. ‘सूचना ३१७: स्थानिक संरचनेत भिन्नता आढळली आहे. वितरित आवृत्तीद्वारे प्रतिस्थापन करण्यात येईल. पुढे जावे? हो / नाही.’ पाठ असायला काही विशेष लागत नव्हतं, कारण ते तिनेच लिहिलं होतं. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. त्याआधी ती एका खात्यात परिपत्रकं तयार करायची, त्यामुळे हात तसाच वळलेला. प्रमुखांनी तेव्हा ते वाचून मान डोलावली होती आणि ‘भारदस्त झालंय’ म्हणाले होते. तिलाही बरं वाटलं होतं.

“बॅकअप?” तिने विचारलं.

“रोज रात्री आपोआप होतो. जुन्यावरच नवीन. मला कळेपर्यंत चार रात्री गेल्या होत्या.”

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती छापखान्यात गेली.

छापखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला ठिपके उठवणारं मशीन, त्याचा ठकठकाट एवढा, की त्याला लाकडी खोक्यात कोंडलेलं. दुसऱ्या टोकाला दादाचं टेबल. त्याच्या मशीनला पडदा जोडलेलाच नव्हता, पडदा भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवलेला. दादाच्या कानात, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा इअरफोन. टाचणीने चिन्हकोशात त्याच्याकडून एक खोटी ओळ घालून घेतली आणि सांगितलं, “शुक्रवारचाच अपडेट पुन्हा चालव, जसा केलास तसा. आवाज बाहेर ठेव.”

दादाने स्पीकर लावला. एखादी कॅसेट पळवत न्यावी तसा आवाज सुरू झाला. टाचणीला एक अक्षर कळेना.

“हे तुला कळतं?”

“तुला वाचताना काय एकेक अक्षर लावावं लागतं?” दादा म्हणाला. त्यात तथ्य होतं.

तिने त्याला वेग कमी करायला लावला, आणि मग तिला जे ऐकू आलं त्याने तिचे कान लाल झाले. गाठोडं बोलतच सुटलं होतं. ‘सूचना १०४: कृपया नोंद घ्यावी.’ ‘सूचना १०४: कृपया नोंद घ्यावी.’ ‘सूचना २२०: सदर घटक कालबाह्य.’ अमका घटक जुना, तमक्याचा लेखक बदलला, ढमक्याचा परवाना नवीन. दादा प्रत्येक ओळीला ‘सूचना’ एवढं ऐकून पुढच्या ओळीवर उडी मारत होता. मोजून दोनशे अकरा ओळी झाल्या आणि दोनशे बारावी ३१७ आली. तीही ‘सूचना’ अशीच सुरू झाली. दादाचं बोट सवयीने एंटरवर गेलं.

“ही लाल अक्षरांत येते,” टाचणी हळूच म्हणाली. “बाकीच्या पिवळ्या असतात.”

“असतील,” दादा म्हणाला.

हे तिला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. सख्खा भाऊ हा प्रोग्राम रोज वापरतो हे माहीत असून सुचलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात मालक आले. तापट नव्हते, पण काळजीने माणूस आखडतो तसे आखडले होते. शाळांची पुस्तकं अडकली होती.

“ताई, तुम्ही आलात ते बरं झालं,” ते म्हणाले. “मी यांना सांगितलंय. वीस तारखेचा अपडेट टाळता येणार नाही, सुरक्षेचा आहे म्हणतात. त्यात पुन्हा काही गेलं, तर मशीन मी दुसऱ्याच्या हातात देणार. हे मुद्रितं तपासतील. त्यांच्यासारखं तपासणारं कोणी नाही.”

“मुद्रितं तपासणं वाईट काम नाही,” दादा म्हणाला. मालक गेल्यावर मात्र तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मशीन हातात यायला त्याला अकरा वर्षं लागली होती. आंधळ्या माणसाने वाचावं, मशीन डोळसाने चालवावं, अशी छापखान्याची जुनी रीत. ती त्याने मोडली होती. आता ती पुन्हा चालू व्हायला एक एंटर पुरे होता.

“हे असलं लिहितं कोण गं तुमच्याकडे?” त्याने विचारलं. “प्रतिस्थापन! बाबांच्या कचेरीतली पाटी वाचल्यासारखं वाटतं.”

थाप मारता आली असती. चौघांनी मिळून, असं म्हणता आलं असतं.

“मीच,” टाचणी म्हणाली. “३१७ माझं आहे.”

दादाने स्पीकर बंद केला. खोक्यातल्या मशीनचा ठकठकाट तेवढा राहिला.

“जा तू,” तो म्हणाला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिने विषय काढला. सूचना बदलायच्या, सगळ्या, आणि वीस तारखेच्या आत. वीसला अजून सोळा दिवस होते.

प्रमुख मनाने चांगले, पण बदल म्हटलं की त्यांना आधी खोकला येई. “क्रमांक काढता येणार नाहीत,” ते खोकून म्हणाले. “लोक क्रमांकावरून तक्रार करतात.”

“क्रमांक शेवटी टाकू.”

“आणि लोक वाचत नाहीत त्याला आपण काय करणार? तुम्ही साध्या भाषेत लिहा नाहीतर पद्यात लिहा, लोक हो दाबणारच.”

यावर दाढीवाला हसला. हा त्यांच्यातला मुख्य प्रोग्रामर, दिवसभर हेडफोन लावून बसणारा. “मॅडम, सूचना स्पष्टच आहे,” तो म्हणाला. “स्थानिक संरचना म्हणजे स्थानिक संरचना.”

टाचणीने वाद घातला नाही. ती जिना उतरून खाली गेली आणि इमारतीच्या दाराशी रजिस्टर घेऊन बसणाऱ्या बाईंना वर घेऊन आली. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ३१७ वाचून दाखवली.

“बाई, आता हो दाबलं तर काय होईल?”

“पुढे जाईल,” बाई म्हणाल्या.

“काय पुढे जाईल?”

“ते तुम्हाला ठाऊक. तुमचंच आहे ना?”

“आणि नाही दाबलं तर?”

बाईंनी विचार केला. “तर कोणीतरी येऊन विचारेल, नाही का दाबलं म्हणून. त्यापेक्षा हो बरं.”

दाढीवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. प्रमुख म्हणाले, “ठीक आहे, एक मसुदा करा. मग बघू.”

मसुदा करायला बसल्यावर तिला कळलं, की आपल्याला साधं लिहिता येत नाही. पहिला मसुदा नऊ ओळींचा झाला, त्यात दोन वेळा ‘कृपया’ आणि एकदा ‘तरी’. दुसरा इतका घाबरवणारा, की वाचून माणसाने मशीनच बंद करावं. ती डोळे मिटून बसे आणि स्क्रीन रीडरला वाचायला लावी, दादाच्या वेगाच्या निम्म्याने. पहिल्या दोन शब्दांत जर कळलं नाही, तर पुढचं लिहिलं काय न लिहिलं काय. रोज जेवणाच्या सुट्टीत नवा कागद घेऊन खाली बाईंकडे जायची. बाईंना आता त्यात गोडी वाटायला लागली होती. त्या लांबूनच विचारत, “आज काय पुसताय?”

शेवटी अकराव्या मसुद्याला जमलं. ‘पुसलं जाईल: अमुक फाइल. यातल्या इतक्या ओळी तुम्ही घातल्या आहेत. एकदा पुसल्यावर परत मिळणार नाहीत. ठेवायच्या असतील तर नुसतं एंटर दाबा. पुसायच्याच असतील तर पुसा असं टाइप करा.’ हो-नाहीची भानगडच नाही. आणि ज्यात माणसाचं काही जात नाही अशा दोनशे अकरा ओळींनी तोंड बंद ठेवायचं. त्या एका वेगळ्या यादीत जातील, हवी त्याने उघडावी.

बाई ऐकून म्हणाल्या, “म्हणजे काही नाही केलं तर माझं माझ्याकडे राहतं. मग ठीक आहे की.”

दाढीवाल्याने दोन दिवसांत कोड लिहिलं. टाचणीने स्वतःच्या मशीनवर एक खोटी फाइल केली, तिच्यात दहा ओळी घातल्या आणि अपडेट चालवला. सूचना आलीच नाही. अपडेट झाला, दहा ओळी गेल्या.

“तुम्ही जोडलंच नाहीये ते!” ती दाढीवाल्यावर डाफरली.

तो बिचारा तासभर कोड खालीवर करत होता. कोडमध्ये चूक नव्हती. मग त्याने तिच्या मशीनच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं आणि तिला बोलावलं. तिथे एक ओळ होती, मला काही विचारू नकोस, सगळ्याला हो समज. तारीख सहा वर्षांपूर्वीची. दिवसातून वीसदा चाचण्या घ्यायच्या असतात, कोण दर वेळी उत्तर देत बसणार, म्हणून रुजू झाल्या आठवड्यातच तिने ती घातली होती आणि विसरून गेली होती. आपली ३१७ पहिल्या आठवड्यानंतर तिने स्वतः एकदाही पाहिली नव्हती.

“माझ्याकडेही आहे ती,” दाढीवाला म्हणाला.

चौथ्या टेबलावरच्या माणसाने स्वतःचं मशीन तपासलं आणि नुसतीच मान हलवली. मग तिघांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांना खोकला आला.

“मला ती तुम्हीच घालून दिली होती, मॅडम,” ते म्हणाले.

लोक वाचत नाहीत, हा मुद्दा त्यानंतर ऑफिसात कोणी काढला नाही. चारही मशीनवरची ती ओळ त्याच दुपारी काढली आणि अठरा तारखेला नवं गाठोडं सगळीकडे रवाना झालं. गाठोडं आधी स्वतःला बदलतं, मग बाकीच्यांना, त्यामुळे वीसच्या अपडेटला नवीच सूचना येणार होती. येईल ना? टाचणीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. दादाने या सोळा दिवसांत तिचा एकही फोन उचलला नव्हता. वहिनी उचलायची आणि म्हणायची, “तो कामात आहे गं.” काम काय ते वहिनीनेच सांगितलं. दादा चिन्हं पुन्हा पहिल्यापासून घालत होता. त्रेसष्ट झाली होती.

वीस तारखेला सकाळी दहाला ती छापखान्यात पोचली. दादा म्हणाला, “ये.” एवढंच. मालक पाठीशी उभे होते, हाताची घडी घालून. ठिपक्यांचं मशीन आज बंद ठेवलं होतं, त्यामुळे खोलीत फारच शांत वाटत होतं.

“ताई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही,” मालक म्हणाले. “त्यांचं त्यांना करू दे.”

“नाही बोलत,” टाचणी म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

दादाने स्पीकर लावला, मालकांना कळावं म्हणून वेग अर्ध्यावर आणला आणि अपडेट सुरू केला. एक मिनिट गेलं. दोन गेली. काहीच आवाज नाही. दादाने भुवया उंचावल्या. बोट सवयीने पुढच्या ओळीवर उडी मारायला निघालं होतं, पण उडी मारायला ओळच नव्हती.

मग स्क्रीन रीडर बोलला, “पुसलं जाईल: चिन्हकोश. यातल्या त्रेसष्ट ओळी तुम्ही घातल्या आहेत.”

दादाचं बोट हवेत थांबलं. त्याने सगळं ऐकलं, शेवटपर्यंत, आणि मग नुसतं एंटर दाबलं. “ठेवलं: चिन्हकोश,” स्क्रीन रीडर म्हणाला. टाचणीला वाटलं, झालं.

पण झालं नव्हतं. “पुसलं जाईल: मुखपृष्ठाचा साचा,” स्क्रीन रीडर म्हणाला. “यातल्या चाळीस ओळी ‘मालक’ या खात्यातून घातल्या आहेत. शेवटचा बदल आठ दिवसांपूर्वी.” टाचणीला यातलं काही माहीत नव्हतं. दादालाही नसावं, त्याने मान तिरकी केली.

मालकांचं लक्ष घड्याळाकडे होतं. “किती वेळ तेच तेच? हो म्हणा आणि मोकळे व्हा.”

“इथे हो म्हणायची सोय नाही, साहेब,” दादा म्हणाला. “आणि ही फाइल तुमची आहे.”

“माझी?”

दादाने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मालकांच्या हाताची घडी सुटली.

“तो साचा मी केलाय,” ते म्हणाले. “नवा पत्ता, देणगीदारांची नावं, सगळं. दोन संध्याकाळी बसलो होतो. दुसऱ्यांदा.” ते थांबले. “गेल्या महिन्यातही केला होता. नंतर उघडला तर कोराच. मला वाटलं मी सेव्ह करायला विसरलो. कोणाला सांगायचं, म्हणून पुन्हा केला.”

“कधी कोरा झाला?”

“शुक्रवारीच कधीतरी. तुमचा तो…”

इथे दादाने गप्प बसावं असं टाचणीला मनापासून वाटलं. मालक स्वतःच्या विसराळूपणाला दोष देऊन मोकळे झाले होते, तर होऊ द्यावं. पण तो तिचा भाऊ होता.

“तुम्ही विसरला नव्हतात,” दादा म्हणाला. “तो मी पुसला. दोनशे सूचनांमध्ये तेही विचारलं असणार, आणि मी हो म्हटलं असणार. माझ्याबरोबर तुमचंही गेलं.”

मालकांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि दादाच्या शेजारी बसले.

“माझ्या घरच्या मशीनवर हेच येतं,” ते म्हणाले. “मला तर दिसतं सगळं. मी पण हो म्हणतो.” मग घसा साफ करून म्हणाले, “पुढे चालू द्या. अजून कोणाचं काय आहे ते ऐकू.”

अजून कोणाचं काही नव्हतं. दादाने साचा ठेवला, अपडेट पुरा झाला आणि दुपारपर्यंत बीजगणिताची पहिली पन्नास पानं ठकठकत बाहेर आली. मशीन कोणाच्या हातात राहणार यावर मालक पुन्हा काही बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, “पुढच्या महिन्यात मला आधी आवाज द्या. मी येऊन बसेन.”

टाचणी पर्स उचलून निघाली तसा दादा तिच्याबरोबर दारापर्यंत आला.

“सूचना चांगली आहे,” तो म्हणाला.

“अकरा मसुदे केले.”

“हं. माझा राग गेलेला नाहीये, टाचणे. सहा वर्षं होती ती.”

“माहीत आहे.”

“रविवारी दहाला घरी ये. मी जुन्या पुस्तकांतून बोटांनी वाचून सांगतो, तू टाइप कर. तीनशे एकोणपन्नास राहिलीत. एका रविवारी होणार नाहीत.”

“दर रविवारी येते,” ती म्हणाली. आवाज फुटला तो फुटलाच, आणि दादाच्या कानाला ते न कळणं शक्य नव्हतं. जाऊ दे, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता, तर घरी जाऊन तिला ते सहन झालं नसतं. तो म्हणाला, “चष्मा आण तुझा, चिन्हं बारीक असतात,” आणि आत मशीनकडे गेला.